वहिनी, पान्हा कुठं तयार होतो?

वहिनी,

तुम्ही गेलात आणि चंद्रीनं पान्हा आखडला. पहिले काही दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, गोठ्याकडं कुणाचं धड लक्षच नव्हतं. शेजारच्या काकू येऊन जमेल तेवढी धार काढून जायच्या. पाहुणे पांगले तेव्हा दादाच्या ध्यानात आलं की दुधानं कासंडीचा तळसुद्धा नीट झाकत नाही. माझ्या या थोरल्या भावानं, तुमच्या नवऱ्यानं, लग्न झाल्यापासून गाईच्या कासेला हात लावला नव्हता. ट्रॅक्टर, मोटर, कांदा हे त्याचं खातं आणि गोठा तुमचं. आता तो दोन वेळा चंद्रीखाली बसायचा, गुडघे दुखेपर्यंत सड ओढायचा, आणि ती मान वळवून त्याच्याकडं अशी बघायची, जणू चुकून भलत्याच घरात शिरलाय.

तेरावं झालं. मी रजा वाढवून वाडीवरच थांबलो होतो. परवा ओतूरचे गुरांचे डॉक्टर येऊन गेले. कास दाबून म्हणाले, दूध आत साचतंय, उद्या संध्याकाळपर्यंत मोकळं झालं नाही तर कास सुजून दगडी होईल, सड कायमचे जातील. ते गेल्यावर दादा ओट्यावर बसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझं ते इंजेक्शन सांग डॉक्टरला. पान्ह्याचं."

वहिनी, तुम्ही असता तर काय हसला असता! पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. ज्या गोठ्यातून तुम्ही मला बाटलीसकट हाकललं होतं, त्याच गोठ्यात ती बाटली बोलवायची पाळी माझ्यावर आली होती. तीही तुमच्या माघारी, तुमच्या चंद्रीसाठी. डॉक्टरांना फोन करायचा की नाही, एवढं ठरवायला मला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात मी तुमच्याशी जेवढं बोललो तेवढं तुम्ही असतानाही बोललो नसेन, म्हणून हे लिहून ठेवतोय.

कपिलीची गोष्ट घरात सगळे सांगतात, पण सगळे तुमच्या बाजूनं सांगतात. माझी बाजू आज मीच सांगतो. नव्वदीची सुरुवात होती, मी बी.एस्सी.ला होतो, आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माणसाला जेवढं कळतं तेवढं पुढं कधीच कळत नाही. कपिलीचं वासरू जन्मताच गेलं. तुम्ही त्याच दिवशी घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या वाटेवरच्या तुमच्या माहेरी निघाला होता, वडील आजारी म्हणून. जाताना गोणपाटाचा एक तुकडा गुंडाळून आढ्याला खोचलात आणि आईला बजावलंत, "ह्ये कुनी धुवायचं न्हाई." आम्हाला वाटलं, बाईमाणसाचं काहीतरी असेल. इकडं कपिली थेंब देईना. मी सायकल मारली, ओतूरच्या बाजारातून ती बारकी बाटली आणली, आणि पुस्तकात वाचलेलं सगळं आठवत सुई टोचली.

दूध आलं, वहिनी! धो धो आलं. मी अंगणात उभा राहून आईला व्याख्यान दिलं की याचं नाव ऑक्सिटोसिन, हे कासेतल्या बारीक स्नायूंना आवळतं आणि दूध खाली ढकलतं, पान्हा म्हणजे देवाची करणी वगैरे काही नसतं, पान्हा बाटलीत मिळतो. त्याच आठवड्यात खालच्या आळीतली गाय पान लागून, म्हणजे साप चावून, मेली आणि तिचं आठ दिवसांचं वासरू कुणीतरी आपल्याकडं आणून बांधलं. मी म्हटलं, सोपं आहे, सुई टोचा आणि लावा कपिलीला. सुई टोचली, सडांतून दूध टपकायला लागलं, वासरू पुढं केलं, आणि कपिलीनं त्याला अशी लाथ हाणली की ते गव्हाणीखाली जाऊन पडलं.

पाचव्या दिवशी तुम्ही आलात. एसटीतून उतरून पिशवीही खाली ठेवली नव्हती. गोठ्यात आलात, बाटली उचललीत, वास घेतलात आणि उकिरड्यावर भिरकावलीत. मग मला म्हणालात, "दूध उतरवलं तुमी, भाऊजी. लई झ्याक केलं. माया कुठनं उतरवनार?"

मी म्हणालो, "माया हा शास्त्राचा विषय नाही."

"मंग लाथ कुनाचा विषय हाय?"

तुम्ही तो गोणपाटाचा तुकडा काढलात. मेलेल्या वासराचं ओलं अंग तुम्ही त्यानंच पुसलं होतं, हे तेव्हा कळलं. तो ओलसर करून त्या पोरक्या वासराच्या पाठीवर, शेपटीवर, डोक्यावर चोळलात. वर मीठ आणि पेंडीचा चुरा भुरभुरलात. तुमच्या वडिलांची मेंढरं होती. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या अंगावर बांधायचं, हे तुम्ही लहानपणी डोंगरावर बघितलेलं. आपलं वासरू पुरून टाकलेलं होतं, म्हणून कातड्याऐवजी गोणपाट. तीन दिवस तुम्ही कपिलीच्या तोंडाशी ते वासरू धरून बसलात. ती आधी मीठ चाटायची आणि फुरफुरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घशातल्या घशात हुंकारली. त्या आवाजाला तुम्ही दोन्ही हात वर करून, "आली गं बया माझी!" म्हणालात. वासरू लुचायला लागलं, त्याच्या तोंडाला फेस आला, आणि मी बाजूला उभा राहून म्हणालो, "योगायोग."

तेव्हापासून मी तुमचे इंजेक्शनवाले भाऊजी झालो, आणि पाहुण्यारावळ्यांतसुद्धा तुम्ही माझी ओळख तशीच करून द्यायला लागलात.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि पुढं कैक वर्षं चाललं. पान्हा कुठं तयार होतो? मी म्हणायचो, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते, तिच्या मागल्या भागात. परीक्षेत तसंच लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. तुम्ही म्हणायचात, "गाईच्या डोक्यात. नुसतं खाली न्हाई, आतमंदी. बादली वाजली की तिला कळतंय, मी आले. कळल्याबिगर पान्हा कसा?" मी ग्रंथीचं चित्र काढून दाखवायचो. तुम्ही त्या कागदात मिरच्या बांधायचात.

मग मी पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागलो आणि तुम्ही माझा डबा एसटीनं पाठवायला लागलात. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं डबा, मी शिवाजीनगरच्या स्टँडवर उभा. झाकण काढलं की भाकरी अजून मऊ असायची. होस्टेलवरची पोरं त्या डब्यासाठी माझ्याशी मैत्री करायची. तुम्ही पाठवलेल्या लसणाच्या चटणीवर माझा अर्धा प्रबंध झालाय, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. बाकीच्या अर्ध्याचं सांगायचं राहून गेलं.

माझं काम काय, हे तुम्ही विचारायचात आणि मी "मेंदूचं" एवढंच सांगून मोकळा व्हायचो. आज नीट सांगतो. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलायला काही पदार्थ वापरतात. त्यातला एक प्रकार म्हणजे न्यूरोपेप्टाइड, प्रथिनाचा अगदी छोटा तुकडा. तुमच्या पान्ह्याचं ऑक्सिटोसिन त्यातलंच. मी त्याच्या भाऊबंदांपैकी दुसऱ्या एकाचा माग काढत होतो. तो कुठल्या पेशी बनवतात आणि बनवून कुठं ठेवतात, एवढाच प्रश्न. उंदराच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप करायचे, त्यांवर फक्त त्या एकाच पदार्थाला चिकटणारं द्रव्य सोडायचं, आणि जिथं तो असेल तिथं तपकिरी रंग उमटवायचा. ऐकायला सोपं वाटतं. मला दोन वर्षं लागली, आणि दोन वर्षांनी रंग उमटला तो फक्त लांबच्या धाग्यांत. पेशीला एक गोल अंग असतं आणि त्यातून एक लांब धागा निघतो. धागे तपकिरी, गोल अंगं पांढरीफटक. मी वहीत लिहून टाकलं, या पेशी हा पदार्थ बनवत नाहीत, तो दुसरीकडून येत असावा. दुसरीकडून म्हणजे कुठून, ते देवाला ठाऊक.

त्या पावसाळ्यात पुलावर पाणी आलं आणि दोन दिवस गाड्या बंद राहिल्या. तिसऱ्या दिवशी डब्याऐवजी तुम्हीच स्टँडवर उतरलात, हातात डबा, काखेत छत्री. "म्हनलं बघावं तरी, भाऊजी दिसभर करत्यात काय." मी तुम्हाला प्रयोगशाळेत नेलं. चप्पल कुठं काढायची म्हणून तुम्ही दारात थबकलात, आणि आमच्या सरांनी उठून खुर्ची दिली म्हणून लाजून अर्ध्याच खुर्चीवर बसलात. मी सूक्ष्मदर्शकात काच लावून दिली. तुम्ही एक डोळा हातानं झाकून बराच वेळ बघितलंत.

"दोरं दिसत्यात. मनी ववल्यावानी."

"बरोबर. त्या मण्यांत तो पदार्थ भरलेला आहे."

"आन ही गोल घरं रिकामी?"

"रिकामी. म्हणजे तिथं तो बनत नाही."

तुम्ही डोळ्यावरचा हात काढलात. "आसं कसं म्हनता? रोज तुमचा डबा पुन्यात दिसतोय, माझ्या घरात न्हाई. मंग काय भाकरी पुन्यात भाजली? केली की पाठवली, ऱ्हातीय कशाला घरात?" आणि मग अगदी सहज, पिशवीतून डबा काढता काढता म्हणालात, "परवा गाड्या बंद व्हत्या, तवा दोन डबे ओट्यावर पडून व्हते. तवा कुनी येऊन बघितलं असतं, तर आंधळ्यालाबी कळलं असतं, कुठं रांधत्यात."

मी हसलो. खरंच हसलो, वहिनी, वरून म्हणालो, "मेंदू म्हणजे काय ओतूर-पुणे एसटी आहे?" तुम्ही म्हणालात, "मला काय म्हाईत. जेवून घ्या, निवतंय."

आठ दिवसांनी सरांनी मला बोलावलं, वही उघडली आणि ते वाक्य लाल पेनानं खोडलं. म्हणाले, न्यूरोपेप्टाइड बनतं पेशीच्या गोल अंगातच, दुसरीकडं बनायची सोयच नाही. साखळीचा लांब पट्टा तिथं तयार होतो, पिशव्यांत भरला जातो, वाटेनं जाता जाता कापून त्याचे हवे ते तुकडे होतात, आणि पिशव्या धाग्याच्या टोकाशी जाऊन साठतात. साधी संदेशद्रव्यं टोकाशीसुद्धा तयार होतात, पण याचा टोकाशी साठा संपला तर नवीन घरूनच यावा लागतो. तुझ्या पेशी बनवतात आणि लगेच पाठवतात, म्हणून घरात काही दिसत नाही. जाणारी वाट एक दिवस बंद कर, मग बघ.

वाट बंद करायचं एक औषध असतं. ते ज्या झाडांत सापडतं त्यांतली एक तुमच्या माहेरच्या डोंगरावरची कळलावी. तिचा कंद विषारी म्हणून तुम्ही पोरांना हात लावू द्यायचा नाहीत, तेच विष. ते अगदी थोडंसं देऊन पुन्हा काप केले. काच लावली, आणि वहिनी, ती गोल घरं तपकिरी रंगानं काठोकाठ भरलेली! मी एकटाच होतो खोलीत. खुर्चीवरून उठून दोनदा फेऱ्या मारल्या. मग खाली चहाच्या टपरीशेजारच्या बूथवरून वाडीच्या डेअरीत फोन लावला, तुम्हाला बोलवा म्हणून. तुम्ही धापा टाकत आलात, "काय झालं भाऊजी, बरं हाय ना?" आणि मी म्हणालो, "काही नाही, उद्या डबा नको, मी बाहेर जातोय."

असा मी शहाणा. त्या फोनवर एकच वाक्य म्हणायचं होतं. का नाही म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. अर्धी लाज होती. दोन वर्षं पुस्तकं उपसून मी जे चुकलो, ते तुम्ही डबा उघडता उघडता सांगितलं होतं. आणि अर्धी भीती, की ही बाई आता पाहुण्यांत माझी काय ओळख करून देईल.

पुढं वाचत गेलो तसा तुमच्या बाजूला आणखी पुरावा साचत गेला. पीयूष ग्रंथीत पान्हा तयार होत नाही, नुसता साठतो. तयार होतो वर, मेंदूच्या आत, मोजक्या पेशींच्या दोन वस्त्यांत. म्हणजे परीक्षेत मला मिळालेले ते मार्कसुद्धा फुकटचे. त्या वस्त्यांतून काही धागे खाली ग्रंथीत येतात, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात आणि रक्तातून कासेत. पण काही धागे खाली उतरतच नाहीत. ते मेंदूतच वास ओळखण्याच्या, भीतीच्या, ओढीच्या जागी जातात आणि तिथं तोच पदार्थ सोडतात. मेंढीनं कोकराला आपलं म्हणावं यात त्याचा वाटा असतो. सुईनं रक्तात सोडलेलं ऑक्सिटोसिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही, वाटेत राखण आहे. म्हणून कपिलीचं दूध उतरलं आणि लाथ तशीच राहिली. दूध एका वाटेनं, माया दुसऱ्या वाटेनं, आणि दोन्हींचं घर डोक्यात. तुम्ही म्हणाला होता तसं. नुसतं खाली नाही, आतमंदी.

हे सगळं मला माहीत होतं आणि दर दिवाळीला मी ठरवून यायचो की या खेपेला सांगायचं. तुम्ही समोर आलात की, "या, इंजेक्शनवाले भाऊजी," म्हणायचात, आणि मी पुन्हा ग्रंथीचं चित्र काढायचो. आता वाटतं, मला ते भांडण मिटवायचंच नव्हतं. आई गेल्यावर माझ्याशी त्या हक्कानं भांडणारं दुसरं होतं कोण? रडू येतंय, वहिनी, आणि तुम्ही मिरच्या बांधलेले ते कागद आठवले की हसूही येतंय. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत ते काय, तर "चंद्रीला कुनी पेंड घातली का?" मी हो म्हणालो. तो वेळही मी त्या राहिलेल्या वाक्याला वापरला नाही.

तर काल संध्याकाळ. डॉक्टर फोनची वाट बघत होते. त्यांनी दिलेलं एक इंजेक्शन म्हणजे पाप नाही, हे मला कळतं. गाय आजारी पडण्यापेक्षा ते बरं, आणि तुम्हीही, दोन शिव्या घालून का होईना, हो म्हणाला असता. मी मोबाईल काढला. आधी चंद्रीला एकदा बघून यावं म्हणून मागच्या दारानं गोठ्याकडं गेलो आणि दारातच थांबलो.

चंद्रीखाली तुम्ही बसला होता.

हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, डावा गुडघा पुढं. मग पदराखाली पांढऱ्या मिशा दिसल्या. दादानं तुमचं न धुतलेलं लुगडं पॅन्टवरून गुंडाळलं होतं. निऱ्या मागं बैलाच्या झुलीसारख्या लोंबत होत्या. पंचायतीत ज्याच्या समोर कुणी मोठ्यानं बोलत नाही तो माझा भाऊ, बांगड्या नाहीत म्हणून किल्ल्यांचा जुडगा मनगटात अडकवून कासंडीवर वाजवत होता आणि बारीक आवाज काढून म्हणत होता, "आली गं बया, आली गं माझी." चंद्रीनं मान वळवली. पदर हुंगला. एकदा, दोनदा. मग घशात हुंकारली. कासंडीत पहिली चिळकांडी वाजली, आणि मग धार लागली ती थांबेना.

मला हसू आवरेना आणि डोळ्यांपुढचं दिसेना. दादानं वर बघितलं. "दात काढू नगं. तुझी वहिनी तापानं पडली व्हती तवा आईनं आसंच केल्यालं म्या बघितलं व्हतं." मग म्हणाला, "ह्ये बसतंय का तुझ्या शास्त्रात?"

"बसतं. वास आणि आवाज डोक्यात जातो, पान्हा तिथं असतो." आणि मग, वहिनी, अखेर मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, तुमच्या लुगड्याकडं बघून. "वहिनींचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून. माझं चुकलं होतं आणि मी ते कधी सांगितलं नाही त्यांना."

दादाचे हात चालूच होते. "तिला ठावं व्हतं."

"कसं? मी तर बोललोच नाही कधी."

"मला म्हनली एकदा, भाऊजी कबूल न्हाईत करायचे, मरूस्तवर भांडत्याल. पर पीएच.डी. झाल्यापास्नं गोठ्यात येताना चपला भायेर काढत्यात."

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय अनवाणी, घोट्यापर्यंत शेणात होते.